घोड्याची वहिवाट

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेच्या 'डार्क पीक' नावाच्या डोंगराळ भागाच्या नकाशावर हिरव्या रंगाच्या दोन प्रकारच्या तुटक रेषा आहेत. एक आखूड तुकड्यांची, दुसरी लांब तुकड्यांची. जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटरांत बसवणाऱ्या या नकाशात दोन्ही रेषांतला फरक चष्म्याशिवाय मला आता दिसत नाही, आणि तरीही इंग्लंडमधल्या शेफील्डला राहायला आल्यापासून माझे बहुतेक रविवार याच फरकावर ठरत आले आहेत. आखूड तुकड्यांची रेषा म्हणजे फुटपाथ. आपल्याकडे या शब्दाने रस्त्याकडेची फरसबंदी आणि तिच्यावर मांडलेली दुकाने डोळ्यांपुढे येतात. येथे तो शेतांतून, कुरणांतून, डोंगरमाथ्यांवरून जाणाऱ्या पायवाटेचा कायदेशीर वर्ग आहे आणि तिच्यावर सायकल चालवण्याचा हक्क नाही. लांब तुकड्यांची रेषा म्हणजे ब्रायडलवे. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला दादरच्या शालू-पैठण्यांच्या दुकानांवरच्या पाट्या आठवल्या, आणि गावाबाहेर नवरीसाठी वेगळी वाट का राखली असावी याचा मी बराच वेळ विचार करत राहिले. पुढे कळले की या ब्रायडलचा विवाहाशी काही संबंध नाही. तो घोड्याच्या तोंडावर चढवायचा लगामाचा साज. ब्रायडलवे म्हणजे घोड्याची वाट.

१९६८ सालच्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने या घोड्याच्या वाटेवर सायकलीला प्रवेश दिला आणि त्याच कलमात अट घातली की सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला व घोडेस्वाराला आधी जाऊ द्यावे. जाड टायरांची, दणके गिळणाऱ्या फोर्कची माउंटन बाइक तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती. ती कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर सत्तरच्या दशकात घडली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हँडलला वेताची टोपली अडकवलेली एखादी सोज्वळ सायकल असावी, असे मला नेहमी वाटते. पण कलम झाले ते झाले, आणि आज इंग्लंडमधल्या उंच माळांवर आम्ही चिखलाने माखून जे काही करतो ते त्या कलमाच्या आधारावर करतो. मराठीत या प्रकाराला फार नेमका शब्द आहे: वहिवाट. ही वहिवाट मूळची घोड्याची आहे आणि मी तिच्यातली पोटकूळ आहे. पोटकुळाने कसे वागावे, हे मला कळायला बरीच वर्षे आणि एक बूट खर्ची पडला. त्या बुटाकडे मी पुढे येणारच आहे.

वाटांची ही वर्गवारी कशी झाली ती कथा आपल्याकडच्या पाणंद रस्त्यांची भांडणे पाहिलेल्या माणसाला परकी वाटणार नाही. १९४९ च्या कायद्यानंतर सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायचे ठरले, आणि कोणत्या वाटेने कोण जात आले आहे हे सांगण्याचे काम पॅरिश कौन्सिलांकडे, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या तोडीच्या संस्थांकडे, आले. एका गावात कोणाला तरी आठवत होते की आजोबा या वाटेने घोडा घेऊन बाजाराला जात. तेथे ब्रायडलवे लागला. शेजारच्या गावात तोवर घोडे संपले होते, विचारणाऱ्याला घाई होती, किंवा जमिनीच्या मालकाला घोडे नको होते; तेथे फुटपाथ लागला. परिणाम असा की एकाच वाटेचे, एकाच उताराचे, एकाच दगडाधोंड्यांचे नाव हद्दीच्या भिंतीपाशी बदलते. भिंतीच्या अलीकडे निळा बाण, पलीकडे पिवळा. निळ्या बाणापर्यंत मी सायकलस्वार असते आणि पिवळ्यापासून पुढे सायकल हाती धरून मुकाट्याने चालणारी बाई. इंग्लंडमधल्या एकूण सार्वजनिक वाटांपैकी सायकलीला खुल्या असलेल्या वाटांचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा आहे. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने हा घोळच मिटवला आणि जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक जमिनीवर पायांबरोबर चाकांनाही वाव दिला, त्यामुळे उत्तरेकडे राहणारे स्नेही आम्हाला थोडे हसतात.

डार्क पीक ज्यात येतो त्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये तर या हक्काला तुरुंगाचा इतिहास आहे. येथले उंच मूर शंभर वर्षांपूर्वी ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले होते आणि मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतल्या मजुरांना त्यांवर पाऊल टाकण्याची बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण हेफील्ड गावातून निघाले आणि किंडर स्काउटच्या बंद माळावर सरळ चढले. राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली आणि पाच जण दोन ते सहा महिन्यांसाठी तुरुंगात गेले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याला चार महिने मिळाले. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००० च्या कायद्याने मोकळ्या माळांवर हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क मिळाला, त्यामागे त्या पाच जणांची शिक्षा आहे असे येथे शाळकरी मुलेही सांगतात. या कथेतला मला आवडणारा तपशील वेगळाच आहे. त्या सकाळी पोलीस मँचेस्टरच्या रेल्वे स्टेशनवर रॉथमनची वाट पाहत होते. तो गाडीने गेलाच नाही, सायकल मारत हेफील्डला पोहोचला. मात्र ज्या हक्कासाठी तो तुरुंगात गेला तो हक्क अखेर मिळाला केवळ पायांना. त्याची सायकल, कायद्याच्या दृष्टीने, अजून पायथ्यालाच उभी आहे.

यावर माझी तक्रार आहे, पण ती पूर्वीइतकी तावातावाची राहिलेली नाही. याचे कारण मूर नावाच्या जमिनीत आहे.

मूर या शब्दाला मला अजून मराठी प्रतिशब्द सापडलेला नाही. माळ म्हणावा तर आपला माळ कोरडा असतो. पठार म्हणावे तर कोकणातल्या सड्याचा तापलेला कातळ किंवा कासची फुले समोर येतात. डार्क पीकचा मूर पाचशे-सहाशे मीटर उंचीवर पसरलेला ओला, काळपट, जवळजवळ वृक्षहीन प्रदेश आहे. खाली मिलस्टोन ग्रिट नावाचा भरड वालुकाश्म, ज्याची एके काळी जाती बनत. त्यावर पीटची जाड गोधडी. आणि गोधडीवर हेदरची खुरटी झुडपे, बिलबेरी, आणि पांढऱ्या बोंडांचे कापूसगवत. हे पीट म्हणजे पाण्यात बुडून राहिल्यामुळे धड न कुजलेल्या वनस्पतींचा, विशेषतः स्फॅग्नम शेवाळाचा, हजारो वर्षांचा साठा. त्याचा बहुतेक भाग पाणीच असतो. कोठे घळीच्या कडेला गोधडी फाटलेली असते तेथे तळाशी बर्चच्या झाडांची खोडे दिसतात. साल अजून रुपेरी, आणि ते झाड मात्र काही हजार वर्षांपूर्वी मेलेले. ऑगस्टमध्ये हेदर फुलतो तेव्हा सगळा प्रदेश काही आठवडे जांभळा होतो आणि छायाचित्रे काढणारे येतात. उरलेले वर्ष तो तपकिरी, ओला आणि माणसाविषयी बेफिकीर असतो. मला तो तसाच अधिक आवडतो, परंतु हे मी छायाचित्रे काढणाऱ्यांना सांगत नाही.

या मूरवरून जाणाऱ्या घोड्याच्या वाटांपैकी माझी आवडती वाट कट गेट. डरवेंट नदीच्या खोऱ्याच्या माथ्यापासून ती ईशान्येकडच्या लँगसेटपर्यंत जाते. येथल्या नावांत कट गेट, चॅपल गेट, डॉक्टर्स गेट अशी बरीच 'गेटे' आहेत, आणि सुरुवातीला मी प्रत्येक ठिकाणी फाटक शोधत असे. वस्तुतः हा 'गेट' उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या 'गाता' या शब्दाचा वंशज आहे आणि त्याचा अर्थ वाट. डरवेंट खोऱ्यातले शेतकरी आपली जनावरे आणि माल घेऊन याच वाटेने पेनिस्टनच्या बाजाराला जात.

मागच्या ऑगस्टच्या अखेरीस आम्ही दोघे तेथे गेलो. दुसरे म्हणजे आमच्या गल्लीतले एक निवृत्त पोस्टमन. वय सदुसष्ट, गुडघा एकच मूळचा, आणि चढावर माझ्यापेक्षा चांगले. शेफील्डहून होप व्हॅलीच्या गाडीत बसलो. गाडीत सायकलींना जागा दोनच, त्यामुळे तिसरा सोबती आम्ही कधी घेत नाही. शहर सुटते न सुटते तोच गाडी टॉटलीच्या बोगद्यात शिरते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला, साडेपाच किलोमीटरांहून लांब. त्यातून बाहेर येताच शहराचा मागमूस उरत नाही आणि ओक-बर्चने भरलेली दरी लागते. बॅमफर्डला उतरून थॉर्नहिल ट्रेल धरली. ही सपाट वाट म्हणजे डरवेंट आणि हाउडन या दोन धरणांसाठी दगड वाहून नेणाऱ्या रेल्वेचा जुना मार्ग आहे.

त्यापुढे तीन जलाशय एकापाठोपाठ एक येतात. वरचे हाउडन १९१२ चे, मधले डरवेंट १९१६ चे, खालचे आणि सर्वांत मोठे लेडीबोवर १९४५ चे. लेडीबोवरखाली अ‍ॅशॉप्टन आणि डरवेंट ही दोन गावे गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा तेवढा काही काळ पाण्याबाहेर उभा ठेवला होता. लोक पोहत त्याच्यापर्यंत जाऊ लागले तेव्हा धोका नको म्हणून १९४७ मध्ये तो सुरुंगाने पाडला. पाणी फार उतरले की गावाच्या भिंतींचे पाये वर येतात. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर ते वर आले तेव्हा पाहायला झुंबड उडाली होती. मी गेले नाही. पळसदेवचे देऊळ उजनीच्या पाण्यातून वर आले की आमच्या आजोळची माणसे गाडी करून पाहायला जात, आणि माझी आजी घरीच राही; तिचे कारण मी कधी विचारले नाही, पण पाय तिकडे वळले नाहीत एवढे खरे.

डरवेंट गावातला एक जुना, अरुंद दगडी पूल मात्र वाचला. बुडण्याआधी त्याचा दगड न् दगड आकडे घालून उतरवला गेला, आणि १९५९ मध्ये हाउडन जलाशयाच्या वरच्या टोकाला स्लिपरी स्टोन्स या ठिकाणी तो जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला. दोन कमानी, रुंदी एक लादलेला घोडा जाईल एवढीच. पॅकहॉर्स ब्रिज म्हणतात तो हाच प्रकार. अशा पुलांना कठडे बहुधा नसत, असले तर बुटके असत, कारण घोड्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारी ओझी त्यांवर आपटू नयेत. मीठ, लोकर, शिसे, माल्ट, काय वाटेल ते या घोड्यांवरून जाई. वीसवीस, चाळीसचाळीस घोड्यांची माळ, पुढच्याच्या गळ्यात घंटा. हे तांडे हाकणाऱ्यांना येथे जॅगर म्हणत आणि त्यांचे नाव एडेलजवळच्या जॅगर्स क्लफ या घळीला अजून आहे. लमाणांचे बैलांचे तांडे घाट चढून मीठ वर नेत आणि नाणेघाटाच्या तोंडाशी तो जकातीचा दगडी रांजण उभा आहे, हे मी पोस्टमनसाहेबांना पुलावर बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बैल उतारावर घसरत नाहीत?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी आयुष्यभर नाणेघाटाचे कौतुक केले, पण बैलाच्या खुराचा विचार कधी केला नव्हता.

पुलानंतर क्रॅनबेरी क्लफ. चढ सुमारे अडीचशे मीटरांचा, आणि त्याचा पहिला तुकडा असा की बहुतेक माणसे सायकल ढकलतातच. न ढकलता जायचे असेल तर सर्वांत हलका गिअर आधीच लावून ठेवायचा, सीटच्या टोकावर पुढे सरकून बसायचे आणि छाती हँडलकडे न्यायची. मात्र एवढीही नाही की मागच्या चाकावरचे वजन जाऊन ते जागच्या जागी फिरू लागेल. टायरांत हवा कमी हवी. मी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय ठेवते, म्हणजे टायर दगडाला थोडा कवटाळतो. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवली की चाक हटकून त्याच दगडावर जाते, म्हणून ती चार हात पुढे ठेवायची. हे सगळे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी मी तिसऱ्या वळणावर पाय टेकला, आणि पोस्टमनसाहेब वरच्या वळणावर उभे राहून ढगांकडे पाहत असल्याचे दाखवत राहिले.

माथ्यावर मार्जरी हिल अगदी जवळ, ५४६ मीटर. वारा नेहमीचाच. हेदरमधून ग्राउज उठला आणि ओरडत दूर गेला. 'गो बॅक, गो बॅक' असे तो म्हणतो हे येथले ठरलेले भाषांतर आहे आणि एकदा ऐकले की दुसरे काही ऐकू येत नाही. १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, म्हणजे त्या आठवड्यात परत जाण्याचा सल्ला खरे तर त्याने स्वतःलाच द्यायला हवा होता.

येथेच तो बूट.

पाच-सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी एकटीच या वाटेने आले होते. दोन दिवस कडक थंडी पडली होती आणि पीट गोठून टणक झाले असेल असा माझा हिशेब होता. वरचा थर गोठलेला होताच. वाटेच्या मधोमध पाणी साचून काळे डबके झाले होते, आणि माझ्याआधी येऊन गेलेल्या सर्व शहाण्यांप्रमाणे मी डबक्याला वळसा घालून कडेच्या हेदरवरून चाक घेतले. पुढचे चाक आसापर्यंत आत गेले, जागीच थांबले, आणि मी मात्र थांबले नाही. हँडलवरून पुढे पडले ते मऊ पडले, लागले काही नाही. परंतु उठताना डावा पाय गुडघ्यापर्यंत आत होता आणि बाहेर आला तेव्हा त्यात बूट नव्हता. अर्धा तास हात घालून चाचपले. पीटमध्ये हात घातल्यावर हाताला काही सापडत नाही, सगळे सारखेच लागते, थंड लोण्यासारखे. शेवटी पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून खाली आले.

सापडला नाही तो बूट मला तितकासा खुपला नाही. खुपली ती मी काढलेली ताजी चाकोरी. ब्लँकेट बॉगमध्ये, म्हणजे पीटच्या या गोधडीत, वर्षाला साधारण एक मिलिमीटर भर पडते. माझ्या चाकाने हातभर लांबीत वीतभर खोल चर पाडला होता. वीतभर म्हणजे दोनशे मिलिमीटर, म्हणजे दोनशे वर्षे, घरी येऊन मी हा हिशेब मुलीला सांगितला तर ती म्हणाली, "म्हणजे तू पेशवाईपर्यंत गेलीस." आणि तो चर तेवढ्यावर थांबत नाही. उघडे पीट उन्हाने वाळते, वाऱ्याने उडते, पावसाने वाहते. चराची घळ होते. पुढचा माणूस घळ चुकवून आणखी बाहेरून जातो. अशा तऱ्हेने एका घोड्याची वाट दहा माणसांच्या शहाणपणाने रस्त्याएवढी रुंद होते. मूरची ही दुखणी जुनी आहेत. मँचेस्टर-शेफील्डच्या धुराड्यांच्या धुराने शेवाळ मारले, मेंढ्यांनी गवत खुरटे केले, वणव्यांनी कित्येक ठिकाणी गोधडीच जाळली. सायकलींचा हिस्सा त्यांत लहान आहे. पण लहान हिस्सा माझा होता आणि तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

तेव्हापासून मी कायद्याबाहेरचा एक नियम पाळते: डबके आले की मधोमध जायचे. पाय भिजतात, चेन खरखरते, समोरून येणाऱ्याच्या अंगावर उडू नये म्हणून वेग आधीच मारावा लागतो. दगड घातलेल्या जुन्या वाटेचा तळ बहुधा डबक्याच्या मध्येच असतो, आणि घोड्यांनी तो शतकानुशतके तुडवून घट्ट केलेला असतो. हिवाळ्यात आणि सलग पावसानंतर मी कट गेटला जातच नाही; दऱ्यांतल्या, दगडी तळाच्या वाटा तेव्हा पुरेशा असतात.

कट गेटची ती दलदलीची जागा आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ब्रिटिश माउंटनिअरिंग कौन्सिलने २०१८ मध्ये डोंगरवाटांच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा केली त्यात या वाटेचा समावेश होता, आणि तिच्यासाठी सायकलस्वार, घोडेस्वार आणि पायी चालणारे एकत्र आले, जे एरवी एकमेकांविषयी फारसे प्रेमाने बोलत नाहीत. काही जाणकार सायकलस्वार अशा दुरुस्तीवर नाक मुरडतात. वाट सपाट केली की कस लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि इतरत्र दगडाधोंड्यांच्या सुंदर वाटांवर खडी ओतून त्यांची रया घालवल्याची उदाहरणे आहेतच, तेव्हा त्यांचा राग मला समजतो. पण येथे नाही. दलदलीत कसला कस?

शेजारच्याच मूरवरून जाणाऱ्या पेनाइन वे या लांब पायवाटेवर वेगळा उपाय केलेला आहे. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या फरश्या हेलिकॉप्टरने वर नेऊन पीटवर अंथरल्या आहेत. मी तेथे चालत गेले आहे. काही फरश्यांवर यंत्रांचे पाय ठोकण्याची भोके अजून दिसतात, आणि त्यांत पावसाचे पाणी साचते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांना मुंबई बंदरातून गेलेल्या कापसाने हात दिला. त्यात खानदेश-वऱ्हाडचा कापूस होता. माझे सासर जळगावकडचे. कोणती फरशी कोणत्या गिरणीतली हे सांगता येत नाही, तरी एका भोकात बोट घालून मी उगीच थोडा वेळ तेथे बसले होते, आणि मागून आलेल्या माणसांनी मला बरे आहे ना म्हणून विचारले.

माथ्यावरून लँगसेटकडे वाट मिकलडेन एजच्या कडेने उतरते आणि तिच्यासाठीच माणसे येथवर येतात. उजव्या हाताला मूर, डावीकडे खाली ओढ्याची दरी, मधे हातभर रुंदीची वालुकाश्माची, वाळूची आणि काळ्या मातीची पट्टी. हँडलवरचे बटण दाबून सीट खाली घेतली, पॅडल समांतर धरली, कोपर बाहेर काढले. वाटेवर आडव्या दगडी मोऱ्या आहेत, पाणी बाजूला काढण्यासाठी उभ्या पाट्यांनी बांधलेल्या. तेथे पुढचे चाक हलके करून उचलले नाही तर टायर पाटी आणि रिम यांच्या मध्ये चेमटतो आणि सापाने चावल्यासारखी दोन भोके पडतात. चार मोऱ्या नीट पार झाल्या. पाचवीच्या आधी पुढे गेलेल्या पोस्टमनसाहेबांनी हात वर केला आणि एकच शब्द ओरडले, "घोडा!"

एक ठेंगणा, जाड पायांचा, करड्या रंगाचा घोडा, वर साठीच्या बाई. वाट तेथे अरुंद. अशा वेळी काय करायचे ते ठरलेले आहे: लांबच थांबायचे, उतरायचे, शक्यतो उताराच्या बाजूला उभे राहायचे, आणि मुख्य म्हणजे बोलायचे. हेल्मेट, गॉगल आणि चाके असलेला आकार घोड्याला श्वापदासारखा वाटू शकतो. आवाज ऐकला की हे माणूस आहे हे त्याला कळते. पोस्टमनसाहेब हवापाण्यावर बोलू लागले. मी धापा टाकत होते, इंग्रजी वाक्य काही जुळेना, आणि तोंडातून निघाले ते बैलगाडीसमोर निघावे तसे: "ये बाबा, ये. सावकाश. काही नाही, आम्हीच आहोत." घोड्याने कान माझ्याकडे वळवले, क्षणभर थांबला आणि खळखळ न करता पुढे आला. त्याच्या अंगाचा घामाचा आणि गवताचा वास माझ्या अंगावरून गेला. बाईंनी लगाम किंचित ओढून विचारले, हे कोणत्या भाषेत? मी सांगितले. त्या म्हणाल्या की तो एरवी सायकलींना बिचकतो, आणि मग, मला वाटते अगदी मनापासून, "मी आता त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलू?"

त्या माथ्याकडे निघून गेल्या. आम्ही लँगसेटला उतरलो, चहा घेतला, जलाशयाकाठच्या भिंतीवर बसून डबा खाल्ला. माझ्या मागच्या ब्रेकचा आवाज बदलला होता. चाक काढून पाहिले तर पॅड पत्र्यापर्यंत झिजलेले. येथल्या वालुकाश्माची भुकटी आणि पाणी मिळून जो लगदा होतो तो मऊ पॅड एका दिवसात खाऊन टाकतो, म्हणून येथले लोक धातूमिश्रित सिंटर्ड पॅड घालतात, आणि मी ते घालायचे दर वेळी पुढच्या आठवड्यावर टाकते. सुटी जोडी पिशवीत होती. पोस्टमनसाहेबांनी चाक धरले, मी पिना बसवल्या.

परतीच्या चढावर, मिकलडेनच्या वरच्या अंगाला, सकाळच्या आमच्या चाकांच्या खुणा अजून दिसत होत्या आणि त्यांवर घोड्याच्या नालाचे ठसे ओळीने उमटलेले होते, प्रत्येकात थोडे थोडे काळे पाणी. पुढे डबके आले. कडेने हेदरवर दोघा-तिघांनी नुकतीच काढलेली नवी पायवाट होती, कोरडी, मोहात पाडणारी. मी गिअर हलका केला आणि मधोमध गेले. पाणी घोट्यापर्यंत आले, तळाला दगड लागला, आणि मागून पोस्टमनसाहेब म्हणाले की बूट मोजून घ्या.